मूत्राशयाचा कर्करोग आणि विजेचे स्पंद

तापी नदीच्या उत्तर तीरावर वसलेले बऱ्हाणपूर हे वस्त्रोद्योगाचे एक जुने केंद्र होय. मोगल अमदानीत येथील तलम व जरीच्या वस्त्रांना दूरदूरच्या बाजारपेठांतून मागणी होती. आज हातमागाची जागा बहुतांशी यंत्रमागाने घेतली असली, तरी सूत, सायझिंग, विणकाम आणि रंगाई हेच या शहरातील असंख्य कुटुंबांच्या उदरनिर्वाहाचे साधन राहिले आहे. मध्य प्रदेशातील हा जिल्हा महाराष्ट्राच्या जळगाव जिल्ह्याला लागून असल्याने रावेर-भुसावळकडील मराठी भाषिक कुटुंबांचे तेथे पिढ्यान्‌पिढ्यांचे येणे-जाणे आहे. कापडाच्या व्यवसायाशी निगडित असलेल्या या परिसरातील वाचकांना एका विशिष्ट आजाराची आणि त्यावरील एका नव्या उपचारपद्धतीच्या संशोधनाची माहिती असणे अगत्याचे आहे. तो आजार म्हणजे मूत्राशयाचा कर्करोग, आणि ते संशोधन म्हणजे विजेच्या अत्यल्प काळ टिकणाऱ्या स्पंदांनी कर्करोगाच्या पेशी वेचून नष्ट करण्याचा प्रयत्न.

रंग आणि रोग

मूत्राशयाच्या कर्करोगाचा रंगाच्या उद्योगाशी असलेला संबंध प्रथम जर्मनीत उघडकीस आला. फ्रँकफुर्ट येथील शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ साली आपले निरीक्षण जाहीर केले. ॲनिलीनपासून रंग तयार करणाऱ्या कारखान्यातील कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी आढळत असल्याचे त्यांनी दाखवून दिले. पुढे १९३८ साली विल्हेल्म ह्यूपर यांनी बीटा-नॅफ्थिलअमाइन या रसायनामुळे कुत्र्यांना मूत्राशयाचा कर्करोग होतो हे प्रयोगाने सिद्ध केले. १९५४ साली ब्रिटनमधील रंग कारखान्यांतील कामगारांच्या विस्तृत पाहणीतूनही हाच निष्कर्ष निघाला. बेन्झिडीन, बीटा-नॅफ्थिलअमाइन इत्यादी द्रव्ये मानवात कर्करोग निर्माण करतात, हे आता जगभर मान्य झाले आहे.

या द्रव्यांचा परिणाम नेमका मूत्राशयावरच का व्हावा, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. ही द्रव्ये त्वचेवाटे किंवा श्वासावाटे शरीरात शिरतात. यकृतात त्यांचे रूपांतर होते आणि मूत्रपिंडे ती रक्तातून गाळून मूत्रात सोडतात. मूत्र मूत्राशयात काही तास साठून राहते व तेवढा काळ मूत्राशयाचे अस्तर त्या द्रव्यांच्या संपर्कात असते. हा संपर्क वर्षानुवर्षे घडत राहिला, तर अस्तरातील पेशींच्या आनुवंशिक द्रव्यात बिघाड होतो. रोग प्रकट होण्यास बहुधा वीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जातो. त्यामुळे काम सोडून दिलेल्या वृद्ध कामगारासही धोका संपला असे मानता येत नाही.

भारतात केंद्र शासनाने १९९० नंतरच्या दशकात बेन्झिडीनपासून बनणाऱ्या आणि कर्करोगकारक अमाइन द्रव्ये मुक्त करणाऱ्या अनेक अझो रंगांच्या हाताळणीस मनाई केली. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातील व्यावसायिक रोगांच्या परिशिष्टातही मूत्राशयाच्या अस्तराच्या प्राथमिक अर्बुदाचा समावेश करण्यात आला होता. अर्थात, रंगाचे काम हेच या रोगाचे एकमेव कारण नव्हे. तंबाखूचे धूम्रपान हे त्याचे सर्वांत मोठे कारण असून सुमारे निम्मे रुग्ण त्यामुळे रोगग्रस्त होतात, असे मानले जाते. तंबाखूच्या धुरातही हीच अमाइन द्रव्ये असतात. रंगाच्या हौदावर काम करणारा कामगार विडीही ओढत असेल, तर दोन्ही धोके एकत्र येतात, हे ध्यानी घेतले पाहिजे.

पुनःपुन्हा उद्भवणारा आजार

या रोगाचे निदान झालेल्या रुग्णांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांमध्ये गाठ अस्तरापुरतीच किंवा अस्तराखालील पातळ थरापुरतीच मर्यादित असते, मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत पोहोचलेली नसते. अशी गाठ मूत्रमार्गातून दुर्बीण घालून खरवडून काढता येते व पोटावर छेद घ्यावा लागत नाही. तथापि खरी अडचण पुढेच सुरू होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या रोगट पेशी अस्तरात इतरत्र विखुरलेल्या असतात आणि त्यामुळे बऱ्याच रुग्णांत गाठ पुनःपुन्हा उद्भवते. म्हणून प्रारंभी दर तीन महिन्यांनी व पुढे कित्येक वर्षे दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी लागते.

पुनरुद्भव टाळण्यासाठी मूत्राशयात औषध सोडण्याची पद्धत रूढ आहे. त्यासाठी मायटोमायसिनसारखे कर्करोगविरोधी औषध वापरले जाते. दुसरे साधन म्हणजे क्षयरोगावरील बीसीजी लस. कॅनडातील डॉ. अल्वारो मोरालेस यांनी १९७६ साली या लसीचा मूत्राशयात उपयोग करून दाखविला आणि तेव्हापासून ती या रोगावरील एक प्रमुख उपचार ठरली आहे. प्रथम सहा आठवडे दर आठवड्यास एकदा आणि त्यानंतर ठराविक अंतराने ती मूत्राशयात सोडतात. या उपचारासाठी लागणाऱ्या बीसीजीचे उत्पादन पुणे येथील सीरम इन्स्टिट्यूटमध्येही होते, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने उल्लेखनीय बाब होय. परंतु काही रुग्णांत बीसीजीचा उपयोग होत नाही आणि रोग स्नायूंत शिरल्यास संपूर्ण मूत्राशयच काढून टाकण्याची वेळ येते. त्यानंतर रुग्णाला मूत्रविसर्जनासाठी आयुष्यभर वेगळी व्यवस्था करावी लागते.

यावरून संशोधकांसमोरील प्रश्न स्पष्ट होतो. अस्तरातील रोगट पेशी नष्ट व्हाव्यात, पण निरोगी पेशी, त्यांखालील स्नायू आणि मज्जातंतू शाबूत राहावेत, असे साधन हवे आहे. विजेचे स्पंद हे असे साधन ठरू शकेल काय, याचा शोध सध्या घेतला जात आहे.

पेशीचे आवरण आणि वीज

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध द्रव्याचे एक अतिशय पातळ आवरण असते. त्याची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाइतकी असते. या आवरणातून वीज सहजासहजी वाहत नाही. पेशीच्या आतील व बाहेरील द्रव मात्र क्षारयुक्त असल्याने वीज वाहून नेतात. पेशी विद्युत् क्षेत्रात ठेवली असता आवरणाच्या दोन्ही बाजूंना विद्युत् भार साचतो आणि सगळा ताण त्या पातळ आवरणावर येऊन पडतो. हा ताण अर्धा ते एक व्होल्ट इतका झाला, की आवरणातील रेणूंची मांडणी विस्कटते व त्यात सूक्ष्म छिद्रे पडतात. अर्धा व्होल्ट हा आकडा ऐकण्यास क्षुल्लक वाटतो. परंतु आवरण इतके पातळ आहे, की तोच ताण प्रतिमीटर दहा कोटी व्होल्ट या प्रमाणाचा होतो. या क्रियेस इलेक्ट्रोपोरेशन म्हणतात. मराठीत तिला विद्युत् छिद्रण म्हणता येईल.

स्पंद सौम्य असेल तर ही छिद्रे काही मिनिटांत बुजतात आणि पेशी पूर्ववत होते. स्पंद तीव्र असेल किंवा अनेक वेळा दिला गेला, तर छिद्रे बुजत नाहीत, पेशीतील द्रव्यांचा समतोल ढळतो आणि पेशी मरते. पहिल्या प्रकाराचा उपयोग पेशीत औषध शिरविण्यासाठी होतो व दुसऱ्याचा पेशी थेट नष्ट करण्यासाठी होतो.

येथे घरगुती विजेच्या धक्क्याशी तुलना करणे योग्य ठरणार नाही. घरातील वीज सतत वाहते आणि अवयव भाजते. उपचारातील स्पंद दर सेंटिमीटरला सुमारे १००० व्होल्ट इतका तीव्र असला, तरी तो १०० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा हजारावा भाग एवढाच टिकतो. अशा आठ स्पंदांनी ऊतींचे तापमान साधारणपणे एखाद्या अंशानेच वाढते. म्हणजे या पद्धतीत पेशी जळत नाहीत, त्यांचे आवरण फुटते. त्यामुळे पेशींना आधार देणारी तंतूंची चौकट बहुतांशी टिकून राहते आणि तिच्यावर निरोगी पेशी पुन्हा वाढू शकतात.

निवड कशी होते?

या संशोधनाचे मर्म निवडीत आहे. वीज स्वतः रोगट आणि निरोगी असा भेद जाणत नाही. परंतु दोन्ही प्रकारच्या पेशींची जडणघडण भिन्न असते आणि वीज त्या भिन्नतेला प्रतिसाद देते.

पहिला फरक आकाराचा आहे. आवरणावर येणारा ताण पेशीच्या त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो. दर सेंटिमीटरला ४०० व्होल्ट इतक्या क्षेत्रात १० मायक्रोमीटर व्यासाच्या गोल पेशीवर सुमारे ०.३ व्होल्ट ताण येतो, तर २० मायक्रोमीटर व्यासाच्या पेशीवर सुमारे ०.६ व्होल्ट येतो. छिद्रे पडण्यास अर्धा व्होल्ट लागतो असे धरल्यास मोठ्या पेशीचे आवरण उघडेल आणि लहान पेशी सुरक्षित राहील. कर्करोगाच्या पेशी पुष्कळदा शेजारच्या पेशींपेक्षा मोठ्या असतात.

दुसरा फरक पेशीकेंद्राचा आहे. कर्करोगाच्या पेशीत एकूण पेशीच्या मानाने केंद्र मोठे असते. हेच लक्षण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून विकृतिशास्त्रज्ञ रोगाचे निदान करतात. बाह्य आवरणावर भार साचण्यास सुमारे एक मायक्रोसेकंद लागतो. स्पंद त्याहून आखूड असेल, तर आवरण पूर्णपणे भारित होण्यापूर्वीच विद्युत् क्षेत्र पेशीच्या अंतर्भागात पोहोचते आणि केंद्राचा आकार महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात २०१५ साली मेंदूच्या कर्करोगाच्या पेशींवर असे प्रयोग झाले. त्यांत निरोगी पेशींना मारण्यास लागणाऱ्या क्षेत्रापेक्षा कमी क्षेत्रात रोगट पेशी मरतात असे दिसून आले.

तिसरा फरक सावरण्याच्या शक्तीचा आहे. आवरण दुरुस्त करण्यास पेशीला ऊर्जा खर्चावी लागते. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१२ साली स्पंदांच्या साहाय्याने पेशीत कॅल्शियम शिरविले. अतिरिक्त कॅल्शियम बाहेर काढताना पेशीचा ऊर्जेचा साठा संपतो. या माऱ्यातून निरोगी पेशी तुलनेने अधिक सावरतात, असे पुढील प्रयोगांत आढळले. कॅल्शियम हे अत्यंत स्वस्त द्रव्य असल्याने आपल्यासारख्या देशाच्या दृष्टीने या दिशेने होणाऱ्या कामास विशेष महत्त्व आहे.

संशोधनाची वाटचाल

१९८२ साली जर्मनीतील एबरहार्ड नॉयमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युत् स्पंदांच्या साहाय्याने उंदराच्या पेशींत जनुक शिरवून दाखविले. त्यानंतर फ्रान्समधील लुई मीर यांनी ब्लिओमायसिन हे औषध आणि स्पंद यांचा संयोग केला. हे औषध एरव्ही पेशीच्या आवरणातून फारसे आत जात नाही. छिद्रांवाटे आत शिरल्यावर मात्र त्याची मारकता शेकडो पटींनी वाढते. १९९१ साली रुग्णांवरील पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २००६ साली युरोपात या उपचाराची प्रमाणित पद्धत निश्चित करण्यात आली. त्वचेवरील गाठींसाठी ती तेथील अनेक रुग्णालयांत वापरली जाते. केवळ स्पंदांनी, औषधाविना गाठ नष्ट करण्याची कल्पना राफाएल दाव्हालोस, लुई मीर व बोरिस रुबिन्स्की यांनी २००५ साली मांडली. हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर उपचार करण्यासाठी स्पंदांचा वापर करणाऱ्या उपकरणांना अमेरिकेत २०२३ च्या अखेरीपासून मान्यता मिळू लागली.

विद्युत् क्षेत्रात पेशीसदृश पिशव्यांचे आवरण कसे वागते, याचा मूलभूत अभ्यास मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या रासायनिक अभियांत्रिकी विभागातही झाला आहे.

मूत्राशयातील सोय आणि अडचणी

मूत्राशय हा पोकळ अवयव असून त्यात मूत्रमार्गाने नळी घालता येते. त्यामुळे छेद न घेता विद्युत् अग्रे रोगाच्या जागी नेणे शक्य आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनी मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींवर व प्राण्यांवर केलेल्या औषधसंयुक्त स्पंदांच्या प्रयोगांचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध केले. इटलीत याच्याशी नाते सांगणारी एक वेगळी पद्धत रुग्णांवर वापरण्यात आली. तीत स्पंद नसतात. २० मिलिअँपिअरचा मंद प्रवाह अर्धा तास देऊन मायटोमायसिन अस्तरात खोलवर पोहोचविले जाते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या २१२ रुग्णांच्या अभ्यासात केवळ बीसीजीपेक्षा बीसीजी आणि ही पद्धत यांच्या जोडीने रोगमुक्तीचा काळ वाढल्याचे आढळले.

अडचणीही कमी नाहीत. मूत्र हे उत्तम विद्युत्‌वाहक असल्याने वीज अस्तराकडे न जाता मूत्रातूनच निघून जाऊ शकते. म्हणून मूत्राशय रिकामे करून त्यात वीज वाहून न नेणारा द्रव भरण्याचा विचार करावा लागतो. मूत्राशयाच्या बाजूने मांडीकडे जाणारा एक मज्जातंतू स्पंदांनी उद्दीपित होऊन पाय एकाएकी झटकला जाण्याचा संभव असतो, म्हणून भूल व स्नायू शिथिल करणारी औषधे लागतात. विजेची दिशा क्षणाक्षणाला पालटणारे स्पंद वापरल्यास स्नायूंचे आकुंचन कमी होते, असे २०११ साली दाखविण्यात आले आहे. आणखी एक पेच आहे. मूत्राशयाच्या अस्तराच्या सर्वांत वरच्या थरातील निरोगी पेशी स्वतःच आकाराने मोठ्या असतात. म्हणजे केवळ आकारावर विसंबून निवड केल्यास त्याही बळी पडतील. खालच्या थरातील पेशींपासून त्या पुन्हा निर्माण होतात ही समाधानाची बाब असली, तरी स्पंदाची तीव्रता, लांबी आणि संख्या यांचा मेळ बसविणे हे नाजूक काम आहे.

यावरून वाचकांनी एक गोष्ट निश्चितपणे समजून घ्यावी. मूत्राशयाच्या कर्करोगासाठी विद्युत् स्पंद हा अद्याप रूढ उपचार नाही. तो प्रामुख्याने प्रयोगशाळेत व प्रायोगिक अवस्थेत आहे. विजेच्या यंत्राने कर्करोग बरा करून देण्याची जाहिरात कोणी करीत असेल, तर तिला भुलून मान्य उपचार लांबणीवर टाकणे जीवघेणे ठरू शकते.

आज काय करता येईल?

या रोगाचे पहिले लक्षण बहुधा एकच असते, ते म्हणजे मूत्रावाटे रक्त जाणे. हे रक्त पुष्कळदा वेदनेविना जाते, एक-दोन दिवसांत आपोआप थांबते आणि मग आठवडे किंवा महिने दिसत नाही. उन्हाळी लागली असेल, उष्णता झाली असेल, अशी समजूत करून घेतली जाते. रंगाच्या खात्यात काम करणाऱ्या माणसाला तर लाल झाक रंगाचीच वाटते. वेदना नाही म्हणून कामाचा खाडा करून डॉक्टरकडे जाण्याची कोणास इच्छा होत नाही. रोग अस्तरातून स्नायूंत शिरतो तो याच काळात. अस्तरात असताना दुर्बिणीने निघू शकणारी गाठ या विलंबामुळे संपूर्ण मूत्राशय घेऊन जाते.

म्हणून मूत्रात एकदाही रक्त दिसल्यास, ते थांबले असले तरी, वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. मूत्रतपासणी व सोनोग्राफी या प्राथमिक तपासण्या होत. संशय आल्यास दुर्बिणीने तपासणी करणे आवश्यक असते. आपण पूर्वी रंगाचे काम केले आहे किंवा धूम्रपान करतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. डॉक्टरांना निदानाची दिशा ठरविण्यास त्याची मदत होते.

कारखानदारांनी रंगाची भुकटी हाताने मिसळण्याची प्रथा बंद करावी, कामगारांना हातमोजे व मुखपट्टी पुरवावी आणि काम संपल्यावर साबणाने हातपाय धुण्याची सोय ठेवावी. वापरात येणारा रंग बंदी घातलेल्यांपैकी नाही, याची खात्री खरेदीच्या वेळीच करून घ्यावी. कामगारांनी रंगाचे हात न धुता विडी ओढू नये, जेवू नये. विडी सोडून दिल्यास धोका हळूहळू घटत जातो.

मोठ्या उपचारासाठी बऱ्हाणपूरहून इंदूर, भोपाळ किंवा नागपूर गाठता येते. मध्य रेल्वेने सुमारे ५०० किलोमीटर प्रवास करून मुंबईस जाणेही शक्य आहे. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाच्या रुग्णांची सेवा करीत आहे. पात्र कुटुंबांना २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेखाली दरवर्षी प्रतिकुटुंब ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. प्रवासास निघण्यापूर्वी ओळखपत्र व पूर्वीच्या तपासण्यांचे कागद सोबत घ्यावेत.

विजेच्या स्पंदांनी रोगट पेशी वेचून काढण्याचे शास्त्र आज ना उद्या रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचेल, अशी आशा बाळगण्यास निश्चितच आधार आहे. परंतु त्या शास्त्राचा लाभही मुख्यतः रोग अस्तरात असतानाच तपासणीस आलेल्या रुग्णालाच होणार आहे. म्हणून प्रत्येक यंत्रमागाच्या गाळ्यात आणि रंगाच्या कारखान्यात या एका लक्षणाची माहिती पोहोचणे, ही आजची निकडीची गरज होय.